उड्डाणादरम्यान जेट विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर वैमानिक सर्वांत आधी काय करतात?

सर्वांत आधी ते विमान उडवत राहतात. बिघडलेल्या इंजिनाची पाळी नंतर येते. हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच मुद्द्यावरून एका ज्येष्ठ कॅप्टनशी झालेला माझा वाद अजून मिटलेला नाही.

मी तेव्हा सहवैमानिक होतो. चढाई चालू असताना मोठा धडाका झाला आणि विमान थरथरू लागले. ‘‘उजवे गेले,’’ असे म्हणत कॅप्टन उजव्या इंजिनाचा थ्रस्ट लिव्हर, म्हणजे शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढू लागले. ‘‘सर, थांबा, आधी दोघे मिळून खात्री करू,’’ असे म्हणून मी दोन्ही इंजिनांचे फेरे, एक्झॉस्ट वायूचे तापमान आणि कंपनाचे आकडे मोठ्याने वाचले. बिघाड उजव्यातच होता. या वाचनात दहा-पंधरा सेकंद गेले असतील. पण उतरल्यावर त्यांनी सर्वांसमोर मला सुनावले, की अशा चाचपडण्यानेच माणसे मरतात. त्यांचा अंदाज खरा ठरला होता, त्यामुळे मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

उत्तर इंग्लंडमधील केगवर्थच्या अपघातात आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी एका बोइंग ७३७-४०० विमानाच्या डाव्या इंजिनातील पंख्याचे पाते तुटले आणि वैमानिकांनी धडधाकट असलेले उजवे इंजिन बंद केले. उजव्याची शक्ती कमी करताच योगायोगाने हादरे थांबल्यासारखे वाटले, त्यामुळे चुकीचा अंदाज पक्का झाला. मागे बसलेल्यांनी डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा पाहिल्या होत्या, पण ते कॉकपिटपर्यंत पोहोचलेच नाही. धावपट्टी जवळ आली असताना डावे इंजिनही निकामी झाले आणि विमानातील १२६ जणांपैकी ४७ जणांचा मृत्यू झाला.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. उड्डाण घेतानाच इंजिन गेले, तर रडरने, म्हणजे शेपटीवरच्या दिशा वळवणाऱ्या उभ्या पट्टीने, नाक सरळ ठेवावे, वेग सांभाळावा, चाके आत घ्यावीत आणि साधारण ४०० फुटांपर्यंत दुसरे काही करू नये. त्यानंतर लिव्हर मागे घेणे, इंधन तोडणे आणि गरज असल्यास फायर हँडल (इंजिनाला आग लागल्यास ओढायचा दांडा) ओढणे, यांतील प्रत्येक कृतीपूर्वी दुसऱ्या वैमानिकाचा होकार घ्यावा. उंचावर असाल, तर एका इंजिनावर ती उंची टिकत नाही. म्हणून चालू इंजिनाला सातत्याने देता येईल तेवढी कमाल शक्ती देऊन खाली यावे आणि जवळच्या योग्य विमानतळाकडे वळावे.

हा क्रम विमानाच्या प्रकारानुसार थोडा बदलतो, हे मान्य आहे. धावपट्टीवर व्ही-१ या निर्णयवेगाच्या (ज्यानंतर विमान थांबवण्याऐवजी उड्डाणच करायचे असते) आधी इंजिन गेले, तर विमान तत्काळ थांबवावे लागते. तेथे चर्चेला वेळ नसतो. हवेत आग लागली असेल, तर रेंगाळणेही घातकच आहे. पण तेव्हासुद्धा हँडलवर हात ठेवून सहकाऱ्याचा होकार घ्यायला दोन-तीन सेकंद पुरतात, आणि आमच्या इंजिनाला तर आगही लागलेली नव्हती.