खिडकीच्या दोन काचांमध्ये बाष्प, पैसे परत मिळतील का?

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घराच्या पश्चिमेकडच्या खोल्यांना गेल्या वर्षी यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवल्या. कोटेशनवर ‘डबल ग्लास, लो-ई’ (उष्णता परतवणारा पातळ थर असलेली दुहेरी काच) लिहिलं होतं. ‘एसीचं बिल निम्म्यावर येईल’ हे विक्रेत्याचं तोंडी बोलणं. ३ लाख १० हजार मोजले. बिल आहे तेवढंच, आणि आता काचांच्या मध्ये बाष्प धरलंय. विक्रेता म्हणतो, पावसाळी हवा आहे, वॉरंटी फक्त फ्रेमची. भांडायचं तर पुण्याच्या कोर्टात, पावतीवर छापलंय.

उत्तर : वीजबिल विसरा. ते ऊन, वापर, दर अशा दहा गोष्टींवर ठरतं, आणि समोरचा वकील तुम्हाला नेमका तिथंच गुंतवेल. तुमची केस काचेची आहे.

डबल ग्लासच्या कडा सीलबंद असतात, मधल्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात. बाष्प दोन्हीकडून फडक्यानं पुसूनही जात नसेल, तर सील गेलंय. (पुसलं गेलं, तर हा मुद्दा सोडा.) कोल्हापुरात पाऊस पडतो, हे विक्रेत्याला माल विकताना ठाऊक नव्हतं का?

लो-ई थर आहे का, याचा अंदाज घरीच येतो. रात्री काचेसमोर मेणबत्ती धरा. चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातल्या एकाचा रंग वेगळा हवा. चारही सारखी असतील, तर संशयाला जागा आहे. हा मात्र पुरावा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार ग्राहक आयोग काचेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तिची फी आधी तुम्हाला भरावी लागते. म्हणून ‘बदलून देतो’ म्हणत कारागीर आला, तरी फोटो आणि लेखी कबुलीशिवाय जुनी काच हलवू देऊ नका.

पुण्याची भीती नको. कलम ३४ मुळे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पावतीवरच्या छापील ओळीनं तो हक्क जात नाही. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेली रक्कम, ५ लाखांच्या आत असल्यानं तक्रारीला फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. पण लो-ई काचच बसवली नसेल, तर विक्रेता ही मुदत खिडक्या बसवल्या दिवसापासून मोजेल. तेव्हा तीच तारीख धरा.

आधी स्पीड पोस्टानं नोटीस द्या, १५ दिवसांची. कोटेशन, पावती, पैसे दिल्याचा बँकेचा उतारा जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. सगळे पैसे परत मागायचा मोह होईल. फ्रेम धड असतील, तर लिहून दिलेल्या दर्जाची काच, नाहीतर काचेची किंमत आणि बसवायचा खर्च, एवढंच मागा. आयोगापुढे हीच मागणी टिकते.