एकाच वर्षात पाच गाजलेल्या सिनेमांत दिसलेला तो नट कोण, आणि हे खरं आहे का?

हो, अगदी खरं आहे. थॉमस मिचेल, वर्ष १९३९.

'गॉन विथ द विंड'मध्ये तो नायिका स्कार्लेटचा आयरिश जमीनदार बाप, 'स्टेजकोच'मध्ये दारुडा डॉक्टर, 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मध्ये पत्रकार, 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज'मध्ये नजर अधू होत चाललेला वैमानिक आणि 'द हंचबॅक ऑफ नॉत्र दाम'मध्ये भिकाऱ्यांचा राजा. मी हे एकेक करून पाहिले आणि तिसऱ्या सिनेमापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की हा तोच माणूस आहे, माझ्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी कमाई.

स्टेजकोचमधला डॉक्टर बघाच. सुरुवातीला नुसता पिऊन बडबडत असतो, मग वाटेतल्या मुक्कामी एका बाईला कळा सुरू होतात आणि हा कपामागून कप काळी कॉफी ढोसून स्वतःला शुद्धीवर आणतो, बाळंतपण करतो, आणि तिथे त्याचा चेहराच बदलतो, म्हणजे हा कधीतरी चांगला डॉक्टर असणार हे एकही शब्द न बोलता कळतं. ऑस्कर याच रोलसाठी मिळालं, सहाय्यक अभिनेत्याचं.

तसा तो जन्मला १८९२ मध्ये, न्यू जर्सीत, आईवडील आयर्लंडहून आलेले. आधी पेपरात रिपोर्टर होता, मग नाटकात बरीच वर्षं काढली आणि सिनेमात नियमित दिसायला लागला तो चाळिशी उलटल्यावर. त्यामुळे आयरिश जमीनदार असो की वॉशिंग्टनचा पत्रकार, हे लोक त्याने जवळून बघितले असणार असं मला नेहमी वाटतं. पुढे १९५३ मध्ये टीव्हीसाठीचं एमी आणि नाटकासाठीचं टोनी दोन्ही मिळाले, ऑस्कर धरून तिन्ही मिळवणारा तो पहिला पुरुष नट. गेला १९६२ मध्ये.

सुरुवात करायची तर १९४६ चा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' घ्या. त्यात तो विसराळू काका आहे, त्याच्याकडून ८००० डॉलर हरवतात, पुतण्या त्याच्यावर ओरडून निघून जातो आणि हा टेबलावर डोकं टेकून रडत बसतो, तेवढ्यात त्याने पाळलेली खार त्याच्या हातावर चढते. दोनचार सेकंदांचाच शॉट आहे, पण तिथे मला दरवेळी सिनेमा थांबवावा लागतो.