वाचकांचे प्रश्न : तारीख ‘पुट ऑफ’ करताना

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात डिस्पॅच विभागात काम करते. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. पावसामुळे गाडी न मिळाल्याने मंगळवारचा माल शुक्रवारी निघेल, असे इंग्लंडमधील एका ग्राहकाला कळवायचे होते, म्हणून मी ‘द डिस्पॅच हॅज बीन पुट फॉरवर्ड टू फ्रायडे’ असे लिहिले. त्यावर, माल ठरल्यापेक्षा लवकर निघणार की उशिरा, अशी त्यांची विचारणा आली. आमच्या वरिष्ठांनी ‘फॉरवर्ड’ काढून ‘ऑफ’ घालायला सांगितले. ‘पुढे ढकलणे’ याला ‘पुट फॉरवर्ड’ का चालत नाही आणि ‘पुट ऑफ’ नेमके कसे वापरावे? — एक वाचक, खानापूर

उत्तर : आपले वाक्य आपल्याला बरोबर वाटले, याला सबळ कारण आहे. मराठीत परीक्षा ‘पुढे ढकलतात’, लग्न ‘पुढे जाते’. सीमाभागात मराठीइतकीच कन्नडही कानावर पडते आणि तिथेही विचार हाच आहे : बोलताना ‘मुंदक्के हाकु’, म्हणजे शब्दशः ‘पुढे घालणे’, आणि छापील सूचनेत ‘मुंदूडलागिदे’. रोजच्या दोन्ही भाषा एकच दिशा दाखवत असताना ‘घालणे’साठी ‘पुट’ आणि ‘पुढे’साठी ‘फॉरवर्ड’ हे शब्द आपोआप जुळतात. इंग्रजीत मात्र तारखेच्या बाबतीत ‘फॉरवर्ड’ आपल्याकडे सरकते. ‘द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड’ याचा अर्थ बैठक अलीकडच्या दिवशी घेतली आहे, असा होतो. आपण भारतात ज्याला ‘प्रीपोन’ म्हणतो, तेच हे. तारखेसाठी ‘पुट फॉरवर्ड’ वापरले तरी ब्रिटिश वाचक बहुधा तसाच अर्थ घेईल, आणि तारखेचा संबंध नसेल तेथे ‘पुट फॉरवर्ड’ म्हणजे एखादी सूचना किंवा प्रस्ताव मांडणे. मंगळवारचा माल शुक्रवारी ‘फॉरवर्ड’ झाला म्हणजे आधीच्या शुक्रवारी की नंतरच्या, हे आपल्या ग्राहकाला कळेना, ते यामुळेच.

‘पुट ऑफ’मध्ये हा घोळ होत नाही, कारण त्यात काम नेहमी नंतरच्याच वेळी जाते. ‘वी हॅव पुट ऑफ द साखरपुडा अन्टिल द रेन स्टॉप्स’ हे वाक्य कोठेही बोलले तरी अर्थ एकच राहतो. मात्र या क्रियापदाच्या रचनेत दोन-तीन ठिकाणी आपली मुले हमखास अडतात आणि वर्गात त्यांवर पुरेसा वेळ दिला जात नाही, असे मला मनापासून वाटते.

पहिली अडचण कर्माच्या जागेची. कर्म नाम असेल तर ते ‘ऑफ’च्या आधी किंवा नंतर कोठेही चालते, म्हणजे ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पण नामाऐवजी ‘इट’ किंवा ‘देम’ आले की त्याला मधलीच जागा मिळते आणि ‘पुट इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. ‘पुट ऑफ इट’ हे चुकीचेच. दुसरी अडचण पुढे येणाऱ्या क्रियापदाची. खानापूरला जाणे मी लांबणीवर टाकले, हे सांगताना मराठीतील ‘जाणे’ मनात असल्याने ‘आय पुट ऑफ टू गो’ असे लिहिले जाते. तेथे ‘आय पुट ऑफ गोइंग टू खानापूर’ हवे. ‘डॉक्टरांकडे जाणे टाळू नकोस’ हेही ‘डोन्ट पुट ऑफ सीइंग द डॉक्टर’ असेच होईल. तिसरी गोष्ट लहान आहे, पण उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते : ‘पुट’चे भूतकाळी रूपही ‘पुट’च राहते, ‘पुटेड’ होत नाही.

जवळच्या शब्दांशी होणारी गल्लतही येथेच पाहू. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. भातलावणी अंगावर आली म्हणून गावची सभा पंधरा दिवसांनी घ्यायचे ठरले, तर ती ‘पुट ऑफ’ झाली. घ्यायचीच नाही असे ठरले, तर ‘कॉल्ड ऑफ’. न्यायालयाच्या इंग्रजीत ‘अ‍ॅडजर्न’ हा शब्द रूढ आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याच्या बातम्या आपण सारेच बारकाईने वाचतो. सुनावणी लांबल्याच्या इंग्रजी बातमीत हा शब्द दिसला, तर दावा निकालात निघाला असे समजू नये, केवळ पुढची तारीख पडली आहे.

आता आपल्या पत्राविषयी. वरिष्ठांनी सुचवलेला बदल व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे, तरीही ग्राहकाला मी तो शब्द लिहिला नसता. ‘पुट ऑफ’ला बोलण्यातला सैलपणा आहे आणि काही वेळा त्यातून टाळाटाळीचा अर्थही डोकावतो, जो गाडी न मिळाल्यामुळे झालेल्या उशिराला लागू पडत नाही. ‘द डिस्पॅच प्लॅन्ड फॉर ट्यूसडे विल नाउ टेक प्लेस ऑन फ्रायडे’ असे लिहून दोन्ही वारांपुढे तारखा द्याव्यात. व्यवहाराच्या पत्रात जुनी आणि नवी तारीख शेजारी-शेजारी असली की क्रियापदाच्या दिशेचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : ‘पुट ऑफ द लाइट’ असे म्हटल्यावर माझ्या मुलीच्या शिक्षिकांनी तिला ‘स्विच ऑफ’ म्हणायला सांगितले. तसेच ‘द स्मेल पुट मी ऑफ’ या वाक्यात काय लांबणीवर पडले, हे आम्हाला समजले नाही. — एक पालक, निपाणी

उत्तर : दिवा बंद करण्यासाठी ‘पुट ऑफ’ भारतात सर्रास ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला अर्थही कळतो, परंतु आजच्या इंग्रजीत ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ अधिक रूढ असल्याने शिक्षिकांची सूचना योग्य आहे. दुसऱ्या वाक्यात काहीच लांबणीवर पडलेले नाही. ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये माणूस आला की पुष्कळदा मन उडणे, नकोसे वाटणे असा अर्थ होतो. वासाने मला ते नकोसे झाले, असे ते वाक्य आहे. ‘द प्राइस पुट हर ऑफ’ म्हणजे किंमत ऐकून तिने घेण्याचा विचार सोडला. शनिवारच्या बाजारात असे वाक्य मुलीकडून सहज तयार करून घेता येईल. माणूसच कर्म असताना ‘पुढची वेळ देऊन टाळणे’ हाही अर्थ संभवतो, जसे की ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’, म्हणजे तो मला रोज उद्यावर ढकलतो. तेव्हा यांतला कोणता अर्थ घ्यायचा, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवावे.