"कुठं काही असलं तर बघा" असं म्हणू नका

प्रश्न : ताई, मी नाशिकला सिडकोत राहतो, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. अंबडला एका छोट्या कंपनीत चार वर्षं क्वालिटीला होतो, ऑर्डरी कमी झाल्या म्हणून आम्हा सहा जणांना थांबवलं. तेव्हापासून नोकरीच्या साइटवर शंभरेक ठिकाणी बायोडाटा टाकला, दोनच फोन आले, त्यातला एक म्हणाला आधी पैसे भरा. सगळे सांगतात ओळखी काढ, नेटवर्किंग कर. पण आमच्या घरात कंपनीतलं कुणीच नाही, वडील भाजीची गाडी लावतात. आणि कुणापुढं जाऊन नोकरी लावा म्हणायचं म्हणजे वशिला लावल्यासारखं वाटतं, लाज वाटते. मित्रांना सांगून ठेवलंय पण ते पण माझ्यासारखेच शोधतायत. काय करू?

उत्तर : आधी ते पैसे भरा वाल्याचं, त्याचा नंबर ब्लॉक कर. नोकरी देणारा तुझ्याकडनं पैसे घेत नाही, ट्रेनिंगचे नाही, युनिफॉर्मचे नाही, कशाचेच नाही.

आता लाजेचं. वशिला म्हणजे लायकी नसताना कुणीतरी आत ढकलणं. तुला चार वर्षांचा अनुभव आहे, तुला फक्त जागा कुठं निघतेय ते कळायला हवंय, आणि ती बातमी बहुतेक वेळा साइटवर येतच नाही. मी सातपूरला एका कंपनीत एचआरला अकरा वर्षं काढली, तिथं सेकंड शिफ्टचा इन्स्पेक्टर सोडून गेला की जाहिरात वगैरे नाही, मॅनेजर सुपरवायझरला विचारायचा "कुणी आहे का रे ओळखीत?" आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर तीन नावं. त्यात आपलं नाव कुणाच्या तरी तोंडात यावं एवढंच करायचंय, मग इंटरव्ह्यूला ड्रॉइंग वाचता येतं का, माप तपासायचा गेज नीट धरता येतो का, ते तुझं तुलाच दाखवावं लागतं, तिथं कुणाची ओळख कामाला येत नाही.

मित्रांकडनं काही मिळत नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, ते तसंच असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली यावरच लिहिलंय. बॉस्टनजवळच्या एका गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं की ज्यानं सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारे निघाले शंभरात साधारण १७, अधूनमधून भेटणारे ५५-५६ आणि क्वचित भेटणारे २८. कारण सरळ आहे, जे तुझ्या मित्राला माहीत ते तुला आधीच माहीत असतं, नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडनं.

मग तुझी अशी माणसं कोण? गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे गेज बरोबर माप दाखवतो का ते तपासायला येणारा माणूस आठव. तो महिनाभर किती कंपन्यांच्या क्वालिटी रूममध्ये जाऊन येतो, कुठल्या रूममध्ये माणूस कमी आहे हे त्याच्याएवढं कुणाला माहीत नसेल. कस्टमरकडनं ऑडिटला यायचे ते इंजिनिअर, प्लेटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला, मशीनच्या कटिंग टूलचे इन्सर्ट विकणारा सेल्सचा पोरगा. तुझ्याबरोबर थांबवलेले पाच जण, त्यातले दोन-तीन आत्तापर्यंत कुठं ना कुठं लागले असतील. पॉलिटेक्निकचे सर, त्यांना जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतच असतात. निमा किंवा आयमा या आपल्याकडच्या कारखानदारांच्या संघटनांचं प्रदर्शन भरलं तर जरूर जा, छोट्या कंपनीचा मालक तिथं स्टॉलवर स्वतः उभा असतो, एरवी तो गेटवर भेटायचा नाही.

आणि भावा, तू लिहिलंस की घरात कंपनीतलं कुणी नाही, वडील भाजीची गाडी लावतात. अरे, संध्याकाळी फर्स्ट शिफ्ट सुटून घरी जाणारा माणूस मेथीची जुडी कुणाकडनं घेतो? तुझ्या वडिलांना तोंडओळखीनं जेवढी कंपनीतली माणसं माहीत असतील तेवढी तुझ्या सगळ्या मित्रांना मिळून माहीत नसतील. आठवडाभर संध्याकाळी गाडीवर त्यांच्याजवळ उभा राहा, वजन करून दे, बोलता बोलता सांग मी क्वालिटीला होतो, सध्या शोधतोय. यात लाजण्यासारखं काय आहे?

बोलायचं कसं तेही सांगते, कारण पोरं इथंच चुकतात. "कुठं काही असलं तर बघा" म्हटलं की समोरचा "हो हो, बघतो" म्हणतो आणि विसरतो, कारण काय बघायचं हेच त्याला कळत नाही. नेमकं लिही: "सर, मी अमुक, मागच्या वर्षी तुम्ही ऑडिटला आलात तेव्हा शाफ्टचे रिपोर्ट मी दाखवले होते. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून आम्हाला थांबवलं. इनकमिंग आणि फायनल इन्स्पेक्शन, थोडं सीएमएम मशीनवरचं मोजमाप, एवढं काम येतं. तुमच्याकडे क्वालिटीला माणूस घेताना काय बघतात हे दहा मिनिटं विचारायचंय, कधी फोन करू?" यात नोकरी मागितलेलीच नाही, त्यामुळं त्यालाही नाही म्हणायचं ओझं नाही. फोन ठेवताना एवढंच विचार, "अजून कुणाशी बोलू सर?" एक नाव मिळालं तरी फोन सार्थकी लागला.

एका वहीत लिहून ठेव, कुणाशी कधी बोललो, काय म्हणाले. पंधरा दिवसांनी त्यांना कळव की तुम्ही सांगितलेल्या माणसाला भेटलो, असं असं झालं, काही झालं नसलं तरी कळव. आणि तुझ्या कामाची नसलेली जागा कळली, समजा वेल्डर हवाय, तर तुझ्याबरोबर थांबवलेल्या त्या पाच जणांना लगेच कळव.

प्रश्न : ताई, मुलांमुळे सहा वर्षं गॅप, आता अकाउंट्समध्ये परत काम हवंय. लिंक्डइनवर मोठमोठ्या लोकांना मेसेज पाठवते, उत्तरच येत नाही. (गंगापूर रोड)

उत्तर : अगदी अनोळखी माणसांना पाठवणं थांबवा. २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच २ कोटी लोकांवरचा अभ्यास सायन्स या विज्ञान साप्ताहिकात आला, त्यात नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडलेल्या ओळखी मधल्या होत्या, म्हणजे फार घट्ट नाहीत पण चार-दहा माणसं दोघांच्याही ओळखीची. तुमच्या बाबतीत आर्टिकलशिपच्या किंवा बी.कॉम.च्या वेळच्या मैत्रिणी, जुन्या ऑफिसातले, मुलांच्या शाळेतल्या इतर मुलांच्या आई. गॅप लपवू नका, पहिल्याच ओळीत लिहा, आणि टॅली, जीएसटी रिटर्न यातलं आज काय येतं ते लगेच पुढं. सीए फर्ममध्ये जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कामाचा लोंढा असतो, तेव्हा पार्ट टाइम हात हवेच असतात, त्यामुळं विचारायला मे-जूनमध्येच सुरुवात करा.