मतदार कार्ड माहेरच्या गावचं आहे आणि घरमालक भाडेकरार करून देत नाही. चाकणमध्ये मतदान कसं करता येईल?

तुम्ही विचारलंय की कार्ड माजलगावचं, त्यावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं आणि चाकणच्या खोलीचा एकही कागद हातात नाही, तर सुरुवात कुठून करायची. सुरुवात यादीपासून करा, कार्डापासून नको.

मतदान करता येतं ते यादीत नाव आहे म्हणून. कार्ड जवळ असूनही नाव यादीत नसेल तर केंद्रावरून परत यावं लागतं. उलट नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर लोकसभा-विधानसभेला आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, मनरेगाचं जॉबकार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक यांपैकी एक चालतं. रेशनकार्ड त्यात नाही. मतदानाआधी घरी येते ती मतदार चिठ्ठीसुद्धा २०१९ पासून ओळखीचा पुरावा धरली जात नाही. खूप जण नुसती चिठ्ठी घेऊन रांगेत उभे राहतात आणि हिरमुसून परत जातात, म्हणून हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून सांगा.

आता तुमचं काम. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर कार्डावरचा क्रमांक टाकून माजलगावच्या यादीत नाव शाबूत आहे का ते आधी बघा. असेल तर नमुना ८ भरायचा, नमुना ६ नाही. नमुना ६ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी असतो. बरेच जण स्थलांतरानंतर तोच भरतात, त्यात ‘माझं नाव इतर कुठल्याही यादीत नाही’ असं लिहून देतात आणि नाव दोन ठिकाणी लागतं. ते बेकायदा आहे. जाणूनबुजून खोटं लिहून दिल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. नमुना ८ मध्ये ‘निवासस्थान बदल’, त्यातही ‘विधानसभा मतदारसंघाबाहेर’ निवडा. चाकण खेड-आळंदी मतदारसंघात येतं, म्हणून अर्ज तिथल्या मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडे जातो. एका अर्जात एकाच कामावर खूण करता येते, म्हणून आधी पत्ता आणि तो झाल्यावर दुसऱ्या नमुना ८ ने विवाह प्रमाणपत्र जोडून आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पण आधार आणि यादी यांवर एकच नाव असलं की केंद्रावर वाद होत नाही. शुद्धलेखनाच्या किरकोळ चुका तिथे सोडून देतात, अख्खं आडनाव वेगळं असलं की विचारपूस होते.

खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. वीजबिल मालकाच्या नावावर आणि भाडेकरार चालतो तो फक्त नोंदणीकृत. हा करार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे आणि न नोंदवल्यास त्याला शिक्षा आहे. तरीही चाकणसारख्या कामगार वस्तीत भाडेकरूने हे कलम दाखवायचं म्हणजे खोली जाण्याची भीती, हे मला माहीत आहे. भाडेकरू यादीत आला की घरावर हक्क सांगेल, असं मालकांना वाटतं. यादीतल्या नावाने घरावर कसलाही हक्क येत नाही, हे त्यांना शांतपणे सांगून बघा.

नाहीच ऐकलं तर नवऱ्याच्या कागदांवरून जा. ते त्याच पत्त्यावर मतदार असतील तर त्यांच्या नावाचा पुरावा तुम्हाला चालतो. त्यांच्या आधारवर चाकणचा पत्ता असेल, तर ‘कुटुंबप्रमुख’ पर्यायातून तुमच्याही आधारचा पत्ता बदलता येतो. त्यांनी आपल्या लॉगिनमधून तीस दिवसांत संमती द्यायची. ती राहून गेली की विनंती बाद.

यातलं काहीच नसेल तरी अर्ज करा. ठरवून दिलेल्या पुराव्यांपैकी एकही नसला तर दुसरा कागद जोडता येतो, पण मग बीएलओने, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, जागेवर येऊन खात्री करणं सक्तीचं असतं. उघड्यावर राहणाऱ्यांना तर कागदच मागत नाहीत. सांगितलेल्या जागी ते खरंच झोपतात का, हे बीएलओ रात्री जाऊन बघतात. तुमच्याकडे बीएलओ दिवसा येतील, तुम्ही दोघं कंपनीत आणि दाराला कुलूप, मग ‘आढळून आले नाही’ असा शेरा पडायचा. म्हणून १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करून बीएलओचा नंबर घ्या, सुट्टीचा वार ठरवा आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही आणि हरकतींसाठीही सात दिवस जातात. निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता या महिन्यातच भरा.