राक्षसाला ठाऊक असलेली गोष्ट

मागील अंकात ठाण्याच्या खाडीवरची माझी भयकथा प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील तीन प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : तुमच्या कथेतला गिऱ्हा शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. तरीही त्या रात्री मला दिवा मालवता आला नाही. हे ठरवून केले, की लिहिता लिहिता झाले? (एक वाचिका, घोडबंदर रस्ता)

ठरवून केले, पण ते ठरवायला मला दोन खर्डे वाया घालवावे लागले. पहिल्या खर्ड्यात मी गिऱ्ह्याचे, म्हणजे पाण्यातल्या भुताचे, दीड पान वर्णन केले होते. अंगावरचे शेवाळ, बोटांमधले पडदे, चिखलाने माखलेले केस, सगळे काही त्यात होते. ते मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा लक्षात आले की वाचक या प्राण्याकडे नुसता बघत राहील. बघणारा किनाऱ्यावर उभा असतो आणि आपण पाण्यात नाही, हे त्याला ठाऊक असते.

मग मी गिऱ्हा बाजूला ठेवला आणि चेंदणी कोळीवाड्यातल्या माझ्या नायकाकडे पाहिले. हा थोरला भाऊ रात्री खाडीत जायला का कचरतो, याचे उत्तर माझ्याकडेच नव्हते. ते शोधताना कथा सापडली. आठ वर्षांपूर्वी धाकटा तिवरांच्या मुळांमध्ये, मांडीएवढ्या चिखलात रुतला होता. पाणी ओसरत होते आणि आणखी थांबले असते तर होडीही चिखलात बसली असती. थोरल्याने उरल्यासुरल्या पाण्यावर होडी काढली, माणसे घेऊन येतो म्हणाला, आणि परतला तो भरती चढून गेल्यावर. गावाला त्याने सांगितले की भाऊ पाय घसरून गेला. धाकट्याचे शेवटचे शब्द होते, ‘दादूस, सुकती लागली का रं?’ (सुकती म्हणजे ओहोटी.) आता काळोखातून तोच प्रश्न तेवढ्याच साधेपणाने येतो, आणि तो ऐकू येण्यासाठी पडदे असलेली बोटे लागत नाहीत.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. माझ्या राक्षसाला नायकाविषयी अशी एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे, जी नायकाने घरच्यांपासूनही लपवली आहे. ती मला सापडत नाही तोवर मी कथा पुढे नेत नाही.

प्रश्न : ‘खरा राक्षस माणूसच’ असे आजकाल प्रत्येक भयकथेच्या शेवटी वाचायला मिळते. तुम्हालाही तेच म्हणायचे आहे का? (एक वाचक, नौपाडा)

नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे. या वाक्यात मला पळवाट दिसते. वर्तमानपत्र एखाद्या गुन्हेगाराला ‘नराधम’ म्हणते तेव्हा आपल्याला सुटल्यासारखे वाटते, कारण त्या एका शब्दाने तो आपल्या जातकुळीतून बाहेर गेलेला असतो. प्रत्यक्षात तो संध्याकाळी घरी जाऊन मुलीच्या वहीला कव्हर घालत असतो. लेखकाने ती वही आणि कव्हराची नीट दुमडलेली कड दाखवली, तर वाचकाला त्या माणसापासून लांब सरकता येत नाही.

आपल्या परंपरेने असुरांचा विचार याहून बारकाईने केलेला आहे. वामनाने पाताळात घातलेल्या बळीची आपण पाडव्याला पूजा करतो आणि ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ असे म्हणतो. ज्याच्या राज्यासाठी आपण आजही देवाला साकडे घालतो, तो राजा असुर होता. खंडोबाच्या कथेत मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ एकाच उन्मादाने लोकांना छळतात. परंतु मणी शरण जाऊन खंडोबाजवळ कायमची जागा मागतो, आणि मल्लाचे मस्तक भक्तांच्या पायांखाली पायरीशी जाते. कुळ एक, अपराधही एक. फरक पडला तो पराभवाच्या क्षणी काय मागितले त्यात. पात्ररचनेविषयी इतके नेमके मार्गदर्शन मला दुसरीकडे क्वचितच मिळाले आहे. माझे खलपात्र पूर्ण हरल्यावर काय मागेल, हे मी कथेच्या आरंभीच वहीत लिहून ठेवतो. ते कथेत येईलच असे नाही, पण त्याचे बोलणेचालणे त्यावरून ठरते.

परदेशी साहित्यातले एकच उदाहरण देतो. मेरी शेलीच्या १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीत त्या प्राण्याला नावच नाही. फ्रँकेन्स्टाइन हे त्याला घडवून टाकून देणाऱ्या माणसाचे नाव, आणि लोक आज ते सर्रास त्या प्राण्यालाच लावतात. ही चूक सुधारण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

प्रश्न : पिंपळ तुटले, विहिरी बुजल्या. आता मुंजा आणि हडळ राहणार कुठे? भयकथेचे दिवस संपले का? (एक वाचक, ऐरोली)

आपल्या भुतांची यादी पाहा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती अलवंतीण. ही नावे अर्धवट राहिलेल्या आयुष्यांची आहेत, आणि झाड हा त्यांचा केवळ पत्ता. पत्ता बदलला तरी राहून गेलेले राहूनच जाते. आपण तर ऐरोलीत राहता. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. आपल्या इमारतीखाली कोणाचे भातशेत होते किंवा कोणाचे मिठागर, हे गावठाणातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो बोट करून बांध कुठून जात होता ते सांगेल, आणि तो बांध बहुधा एखाद्या वाहनतळातून किंवा कोणाच्या बैठकीच्या खोलीतून जात असेल.

मी सध्या अशाच एका कथेवर काम करीत आहे. सातव्या मजल्यावरच्या घरात रोज पहाटे एक म्हातारा येतो, कोणालाही त्रास देत नाही, फक्त सोफा आणि जेवणाचे टेबल यांच्यामधून एका सरळ रेषेत चालत जातो, आणि भिंतीशी पोहोचल्यावर वाकून पाण्याची मोरी उघडतो.