एफडी करायला गेले, पॉलिसी घेऊन आले

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे मिस्टर (वय ४४) १,२०,००० रुपयांची एफडी करायला बँकेत गेले आणि विमा पॉलिसी घेऊन आले. दरवर्षी तेवढाच हप्ता, तो १० वर्षं भरायचा; २० वर्षांनी २२ लाख मिळणार; विमा १२ लाखांचा. पॉलिसीचे कागद हातात पडून १९ दिवस झालेत. बँकेतले साहेब ओळखीचे, ते म्हणतात, "तीन वर्षं भरा, नको वाटलं तर काढून घ्या." ठेवावी की परत करावी?

ताई, परत करा. आणि या आठवड्यातच करा. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती विनातक्रार परत करायचा हक्क तुम्हाला आहे. याला 'फ्री लूक' म्हणतात. तुमच्या हातात अजून ११ दिवस आहेत. पाकीट ज्या तारखेला मिळालं त्याचा पुरावा, म्हणजे कुरिअरचं पाकीट किंवा मोबाइलवरचा मेसेज, जपून ठेवा.

आधी परताव्याचं बोलू, ते लवकर संपतं. १० वर्षांत १२ लाख भरून २० व्या वर्षी २२ लाख, म्हणजे वर्षाला चार टक्क्यांच्याही जरा आत. एफडी यापेक्षा बरी. विमा म्हणून बघायचं तर तुमचं उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आसपास, मशीनचं कर्ज डोक्यावर. १२ लाखांत घर अडीच वर्षंही नीट चालणार नाही.

पण मला खरी काळजी वाटली ती तुम्ही पाठवलेल्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्यासाठी भरलेल्या अर्जाची. पॉलिसीसोबत त्याची प्रत येते आणि बहुतेक घरांत ती कोणी उघडत नाही. तुमच्या फॉर्मवर वार्षिक उत्पन्न नऊ लाख लिहिलंय. 'मधुमेह आहे का' यापुढे 'नाही'. मिस्टर सहा वर्षं शुगरच्या गोळ्या घेतात, असं तुम्हीच लिहिलंय. सगळा फॉर्म इंग्रजीत, खाली मिस्टरांची सही मराठीत. अशा वेळी फॉर्ममध्ये आणखी एक जागा असते: 'मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला' असं लिहून तिसऱ्या माणसाने सही करायची. ती जागा बघा. कोणाची सही आहे, की कोरीच आहे?

हे एवढं ताणून सांगतोय कारण विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या किंवा लपवलेल्या माहितीवरून कंपनी पॉलिसी रद्द ठरवू शकते. तीन वर्षांनंतर कुठल्याही कारणाने तिला तसं करता येत नाही. म्हणून काही एजंट सांगतात, "तीन वर्षं गप्प राहा, सगळं पक्कं होतं." त्या तीन वर्षांत माणसाला काही झालं तर काय, हे मात्र कोणी सांगत नाही. दवाखान्याचे कागद मागवले जातात, शुगरच्या चिठ्ठ्या सापडतात आणि क्लेम अडकतो. 'आम्ही फॉर्म भरलाच नव्हता' म्हणून भांडता येतं, पण सही तुमची आणि कंपनीकडून येणाऱ्या पडताळणीच्या फोनवर "हो, हो" म्हणणारा आवाजही तुमचाच. कंपनीला लेखी कळवून माहिती दुरुस्त करायची सोय आहे. पॉलिसी चांगली असती तर तेच सुचवलं असतं.

आता साहेबांचं 'तीन वर्षं भरा'. तीन हप्ते म्हणजे ३,६०,००० भरून तिसऱ्या वर्षी सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली, तर हमीची किमान रक्कम भरलेल्याच्या ३५ टक्के, म्हणजे १,२६,०००. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मोडताना कंपनी वेगळा हिशेब करून काढते ती रक्कम, याहून बरं निघू शकतं आणि दोन्हींत जे जास्त ते मिळतं. तरी घातलेलं सगळं परत येईल या भरवशावर राहू नका. शिवाय तुमचा हप्ता दर डिसेंबरात. तेव्हा तुमचा पैसा कापडात अडकलेला असतो आणि शाळांची बिलं जूनशिवाय सुटत नाहीत. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत मिळते, सहा महिन्यांची नाही.

अर्ज बँकेत देऊन थांबू नका. बँक फक्त विकणारी. कंपनीच्या शाखेत द्या, झेरॉक्सवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, तोच अर्ज ईमेलही करा. कारण एका ओळीत: 'एफडी सांगून पॉलिसी दिली, फॉर्ममधली माहिती चुकीची आहे.' मूळ पॉलिसी देण्याआधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढा. जेवढे दिवस विमा चालू होता त्याचा हिशेब आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे सात दिवसांत परत यायला हवेत. मिस्टरांची वैद्यकीय तपासणी झालीच नाही म्हणता, तर तिचा खर्च कापायचा प्रश्नच नाही.

साहेब रागावतील, सीसी लिमिट (धंद्यासाठी बँकेने दिलेली कर्जमर्यादा) वाढवताना बघून घेतील, ही भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत. बहुधा तीच मोठी असावी. कर्जासाठी विमा घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही. तसं कोणी बोललं तर "साहेब, हे लिहून द्या" एवढंच म्हणा.

कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा, सोबत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रारींच्या पोर्टलवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतल्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. सोलापूर पुण्याच्या कार्यालयाखाली येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातच आहे, पण तुमच्या कामाला लोकपाल सोपे.

पैसे आले की एफडी करा. तुमच्या धंद्याला एवढी गंगाजळी हवीच. मिस्टरांसाठी ५० लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा, बघा. शुगर असल्याने तपासणी होईल, हप्ता चढा लागेल, एखादी कंपनी नाहीही म्हणेल. मग दुसरीकडे विचारा. माहितीपत्रक मराठीत मागा, मिळतं. फॉर्म मिस्टरांनी स्वतः भरावा आणि गोळ्यांची नावंसुद्धा त्यात लिहावीत.